माहितीपटाला पैसा कुठून येतो?
१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी त्याचे माहितीपट दाखवणं दीर्घकाळ सक्तीचं होतं. पैसा सरकारचा, विषयही सरकारच्याच पसंतीचे. २०२२ मध्ये हा विभाग राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाला.

स्वतंत्र वाट कायमच खडतर. मुंबईच्या रमाबाई नगरमधल्या १९९७ च्या पोलीस गोळीबारानंतर आनंद पटवर्धनांनी हाती घेतलेला ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाला. ‘ॲन इनसिग्निफिकंट मॅन’ या माहितीपटासाठी लोकवर्गणी गोळा झाली. आता अनेकांची भिस्त ॲमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाच्या बर्था फंडासारख्या परदेशी अनुदानांवर असते. ओटीटी कंपन्या बहुतेकदा तयार, गाजलेली फिल्मच विकत घेतात. त्याआधीच्या वर्षांचा खर्च, म्हणजे प्रवास, कॅमेऱ्याचं भाडं, हार्ड डिस्क, संकलकाचं मानधन, दिग्दर्शकाच्याच खिशातून जातो. खरी मदत हवी ती नेमकी तेव्हा.