वीस बाजूंचा विसरभोळा फासा

बहुतेक बैठ्या खेळांत पट असतो, सोंगट्या असतात आणि शेवटी कोणीतरी जिंकतो. पण एक खेळ असा आहे की त्यात पट नसला तरी चालते, आणि जिंकले कोण हा प्रश्न उद्भवतच नाही. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो : "संध्याकाळ झाली आहे. पुढे पडका पूल आहे आणि पुलाखाली काहीतरी हलते आहे. काय करता?" बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेले असते. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. काय करायचे ते त्यांनी ठरवायचे. ते जमले की नाही, हे फासा ठरवतो. गोष्ट आठवड्यामागून आठवडे पुढे चालू राहते.

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तीन पुस्तिकांची एक पेटी, आणि पहिल्या छपाईत प्रती फक्त १०००! दोघेही पूर्वी टेबलावर सैनिकांच्या छोट्या बाहुल्या मांडून लढायांचे खेळ खेळत असत. त्यांच्या नव्या खेळाला लागणारे चित्रविचित्र फासे खेळण्यांच्या दुकानात मिळत नव्हते. ते शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीकडून घ्यावे लागले. गणिताच्या शिक्षकांना हे ऐकून बरे वाटेल.

यांतला सर्वांत महत्त्वाचा फासा म्हणजे विंशतिफलक. वीस समभुज त्रिकोणांनी बनलेली ही ठोकळी हातात धरून कशीही फिरवा, प्रत्येक बाजू दुसरीसारखीच दिसते. त्यामुळे कोणत्याही एका बाजूने वर येण्याचे खास कारण उरत नाही, आणि प्रत्येक अंकाची संभाव्यता १/२० म्हणजे ५ टक्के ठरते. आपल्याकडच्या सारीपाटाचा लांबट फासा आठवा. तो टोकांवर उभा राहत नाही, पण त्याच्या चार लांब बाजू सारख्याच असतात म्हणून त्या चारांपुरता तोही प्रामाणिक असतो.

नवख्या खेळाडूला नियमांचे जाड पुस्तक पाहून धडकी भरते. खरे म्हणजे त्यातला गाभ्याचा नियम एका ओळीचा आहे. वीस बाजूंचा फासा टाका, पात्राच्या कौशल्याचा अंक त्यात मिळवा, आणि बेरीज ठरलेल्या अंकाइतकी किंवा जास्त आली तर काम फत्ते. समजा, पुलाखालून गॉब्लिन नावाचा खुजा राक्षस बाहेर आला. त्याला वार लागायला १५ हवेत आणि आपल्या योद्ध्याचे कौशल्य ५ आहे. म्हणजे फाशावर १० ते २० यांपैकी काहीही चालेल. अनुकूल अंक ११, एकूण २०, म्हणून संभाव्यता ५५ टक्के. इथपर्यंत सोपे आहे.

आता खरी परीक्षा. लढाईत योद्धाच बेशुद्ध पडला! २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे आता त्याने दर पाळीला फासा टाकायचा. १० किंवा अधिक आले तर एक यश, कमी आले तर एक अपयश. तीन यशे आधी झाली तर जीव वाचला. तीन अपयशे आधी झाली तर पात्र मेले. (१ आणि २० या अंकांना खास नियम आहेत, ते धरले तर आकडे थोडे बदलतात. आपण ते बाजूला ठेवू.) सुरुवातीला वाचण्याची संभाव्यता सुमारे ५९ टक्के असते. पाच वेळा फासा टाकून निदान तीन यशे मिळण्याची संभाव्यता काढा, हेच उत्तर येईल.

समजा, पहिल्या दोन्ही फेकींत अपयश आले. आता जादूगाराची पाळी आहे. त्याने योद्ध्याजवळ धावत जाऊन औषध पाजावे, की आधी गॉब्लिनला संपवावे? टेबलावर कोणीतरी हमखास म्हणतो, "दोन वाईट पडले ना, आता चांगलेच पडणार! तू गॉब्लिनला बघ." ऐकायला हे पटते. पण आता एकाही चुकीला जागा नाही. लागोपाठ तीन यशे हवीत. ०.५५ × ०.५५ × ०.५५ म्हणजे जेमतेम १७ टक्के. आणि पुढच्याच फेकीत सगळे संपण्याची संभाव्यता ४५ टक्के. सहा महिने जपलेले पात्र त्या एका 'आता चांगलेच पडणार' वर सोडून द्यायचे का?

'आता चांगले पडणार' हे चूक का? फासा हातातून सुटताना त्याचा वेग, दिशा, गिरकी आणि उंची यांवर तो कसा पडणार ते ठरते. यांतला सूक्ष्म फरकही टेबलावरच्या प्रत्येक उसळीबरोबर वाढत जातो. मागच्या वेळी कोणता अंक आला, हे मात्र या यादीत कुठेच नाही. ती माहिती साठवायला प्लास्टिकच्या त्या तुकड्यात जागाच नाही. दोन अपयशांनंतरही यशाची संभाव्यता पूर्वीइतकीच, ५५ टक्के.

गंमत अशी की, थोडा फेरफार केला तर तोच मित्र बरोबर ठरेल. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा या खेळाच्या काही पेट्यांत फाशांऐवजी अंक छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून दिले होते. ते पेल्यात टाकून न बघता एक काढायचा. तुम्हीही १ ते २० च्या चिठ्ठ्या करून खेळू शकता. पण काढलेली चिठ्ठी परत टाकायला विसरलात तर? दोन वाईट चिठ्ठ्या बाहेर राहिल्या, आत १८ उरल्या, त्यांत चांगल्या ११ च्या ११. आता यशाची संभाव्यता ६१ टक्के झाली. बाहेर काय गेले ते पेल्याला 'आठवते', फाशाला आठवत नाही. संभाव्यतेच्या पेपरात मुलांचे गुण जातात ते बहुधा याच जागी.

आणखी एक नियम पाहा. परिस्थिती अनुकूल असली, उदाहरणार्थ शत्रू बेसावध असला, तर फासा दोनदा टाकून मोठा अंक घ्यायचा. आपल्या वाराची संभाव्यता किती वाढली? पुष्कळजण ५५ ची दुप्पट करू पाहतात आणि ११० टक्क्यांवर येऊन थबकतात. उलट बाजूने विचार करा. वार फुकट जायला दोन्ही फेकी वाया जायला हव्यात : ९/२० × ९/२० = ८१/४००. म्हणजे यश ३१९/४००, जवळजवळ ८० टक्के. लपत-छपत जाण्यात घालवलेला वेळ फुकट जात नाही, तो असा.

पात्राची ताकद, चपळाई वगैरे ठरवायला मात्र मुळात सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेत. इथे प्रत्येक बेरीज सारखी शक्य नाही. २१६ प्रकारांपैकी १८ येण्याचा प्रकार एकच, तर १० येण्याचे २७. निम्म्याच्या जवळपास पात्रांची ताकद ९ ते १२ मध्येच येते. पुढे चार फासे टाकून सर्वांत लहान अंक सोडून देण्याची रीत आली. त्यामुळे १८ ची संभाव्यता साडेतीन पट झाली. कशी, ते तुम्ही काढून पाहा. फासे चार धरले की एकूण प्रकार १२९६ होतात, एवढी सूचना पुरे.

फाशाला स्मृती नसली तरी खोड असू शकते. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर एक बाजू हलकी होते. ग्लासभर पाण्यात विरघळेल तितके मीठ विरघळवा. ॲक्रिलिकचा फासा त्यात कसाबसा तरंगतो. त्याला बोटाने पुनःपुन्हा गिरकी द्या. दर वेळी तोच अंक वर येऊ लागला तर तो फासा बाजूला ठेवा. नुसता टाकून तपासायचा असेल, तर २०० वेळा टाका आणि नोंद ठेवा. प्रत्येक अंक सरासरीने १० वेळा यायला हवा. पण एखादा ५ वेळा किंवा १५ वेळा आला म्हणून लगेच त्याच्यावर आळ घेऊ नका. एवढा फरक प्रामाणिक फाशातही पडतो.