लघवीची गोळी नेमकं काय करते?

पंप आणि पाइप दिसले की आम्हा इंजिनियर मंडळींना हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, बाहेर पडतो जेमतेम दीड लिटर! बाकी सगळा बारीक नलिका रक्तात परत घेतात. दोन-तृतीयांश तर पहिल्याच वळणदार भागात. पुढे येतो आकड्यासारखा वाकलेला ‘हेन्लेचा लूप’. त्याच्या चढत्या नळीतून मीठ उपसलं जातं, पाणी मात्र झिरपत नाही. भोवताल खारट होतो आणि शेवटच्या नळ्यांतलं पाणी तिकडे ओढलं जातं. (काय डिझाइन आहे!)

भारतातून येणाऱ्या आई-बाबांच्या औषधांत कधी फ्युरोसेमाइड असतं. ते हाच उपसा बंद पाडतं, म्हणून बाथरूमच्या फेऱ्या. पुढे जादा पोचलेलं सोडियम परत घेताना नलिका पोटॅशियम लघवीत सोडतात. ते फार उतरलं तर पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात.

“विमानात सारखं उठायचं कसं?” म्हणून मंडळी गोळी परस्पर बंद करतात. त्यापेक्षा वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. शिवाय दुकानातल्या ‘कमी सोडियमच्या’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल, तर पोटॅशियम आधीच साठत असतं. त्यांना ते मीठ विचारल्याशिवाय देऊ नये.