नागरिकत्व आणि वास्तव्याचा पुरावा

दिल्लीतील द्वारका उपनगरालगतच्या बिजवासन येथे २०१३ मध्ये यात्रेकरू व्हिसावर आलेल्या पाकिस्तानी हिंदू कुटुंबांनी आश्रय घेतला. अशा कुटुंबांपुढे कालांतराने एक प्रश्न उभा राहतो : आपले वास्तव्य सिद्ध कसे करावे?

नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार नैसर्गिकीकरणासाठी अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे भारतात वास्तव्य असावे लागते. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींसाठी २०१९ च्या सुधारणेने ११ वर्षांची अट ५ वर्षांवर आणली.

तथापि, वर्षे कमी झाली तरी पुराव्याची गरज उरतेच. दुसऱ्याच्या छपराखाली राहणाऱ्याच्या नावे ना भाडेकरार असतो, ना विजेचे देयक. ११ मार्च २०२४ च्या नियमांनी प्रवेशाच्या पुराव्यासाठी व्हिसा व इमिग्रेशनच्या शिक्क्याबरोबरच शिधापत्रिका, वाहन परवाना, वीज देयक इत्यादी कागदपत्रे ग्राह्य धरली. मुदत संपलेली कागदपत्रेही स्वीकारार्ह ठरली. १५ मे २०२४ रोजी नवी दिल्लीत १४ जणांना पहिली प्रमाणपत्रे देण्यात आली. मात्र ज्याच्यापाशी यांपैकी एकही कागद नाही, त्याला प्रत्यक्ष घालवलेली वर्षेही सिद्ध करणे कठीणच जाते.