डबलबेसची निवड आणि जुळणी



जाझच्या वाद्यवृंदांत पाठीमागें उभ्या असणाऱ्या डबलबेसकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. परंतु लय आणि स्वर या दोहोंचा पाया तोच घालतो. १९३९ ते १९४१ या काळांत ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदांत जिमी ब्लँटन यांनीं या धीरगंभीर वाद्याला स्वतंत्र वाणी दिली.

असें वाद्य निवडतांना वार्निशाच्या झळाळीला भुलूं नये. बहुतेकांना तीन-चतुर्थांश मापाचें वाद्य पुरतें. त्याच्या तारेची वाजती लांबी सुमारें ४१ ते ४२ इंच असते. कोरीव लाकडाचा नाद सखोल, पण हवा दमट-कोरडी होतांच तें तडकण्याचें भय. प्लायवुडचें वाद्य अधिक सोशिक. मान सरळ आहे ना, सांधे उकललेले नाहींत ना, हें आधीं पाहावें.

खरी मेख जुळणींत आहे. जाझमध्यें तारा बहुधा गजानें नव्हे, बोटांनीं छेडतात. घोडी फार उंच असेल, तर तार दाबतांना बोटें सोलून निघतात. फार बुटकी असेल, तर तारा पट्टीवर खडखडतात. पोलादी तारा असल्यास पट्टीच्या टोकाशीं बारीक तार ६-७ व जाड तार ९-१० मिलिमीटर उंच ठेवून आरंभ करावा. मात्र सर्व तारा एकदम सैल करूं नयेत. आंत केवळ दाबानें उभी असलेली काठी पडूं शकते.

माझा एक जुना विद्यार्थी "माझीं बोटेंच दुबळीं" म्हणून वाद्य विकावयास निघाला होता. जाणत्या कारागिरानें घोडी थोडी तासून दिली. आज तो वृंदांत वाजवितो. इतकीं वर्षें शिकवितांना मींहि किती मुलांना दुबळें ठरविलें असेल, ज्यांची केवळ घोडीच उंच होती!