वास तोच, नाकं बदलली

‘किमची खाता का?’

कोरियात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या परदेशी माणसाला हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच ऐकू येतो. टॅक्सीवाला विचारतो, वर्गातली मुलं विचारतात, खानावळीतल्या आजी वाटी पुढे सरकवत विचारतात. हो म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. नव्याने गेलेल्याला नवल वाटतं, की ताटातल्या एवढ्याशा तोंडीलावण्याची केवढी ही चौकशी! पण या प्रश्नामागे जवळजवळ शंभर वर्षांचं दुखणं आहे. तुमच्या घराला वास येतो, तुमच्या डब्याला वास येतो, तुम्हालाच वास येतो, हे परदेशी गेलेल्या कोरियन माणसाने पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं आहे. म्हणून परक्याने किमचीला हो म्हटलं की त्याला बरं वाटतं.

आधी वासाचंच बोलू, कारण वास खरा आहे.

किमचीचे प्रकार शेकड्यांनी आहेत. मुळ्याच्या चौकोनी फोडींची कक्तुगी, काकडीची, पातीच्या कांद्याची, तिखट अजिबात नसलेली पांढरी किमची, पाण्यात तरंगणारी पातळ किमची. पण जगाला ठाऊक आहे ती चायनीज कोबीची. नोव्हेंबरच्या अखेरीस थंडी पडू लागली की कोरियात घरोघरी हिवाळ्याच्या किमचीचा घाट घातला जातो. त्याला किमजांग म्हणतात. शेजारणी, नणंदा-भावजया एकत्र बसून शेकड्याने गड्डे भरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांना बायका जमायच्या, तसंच. युनेस्कोने ही परंपरा 2013 साली दक्षिण कोरियाच्या नावे नोंदवली आणि 2015 साली उत्तर कोरियाच्याही.

गड्डे उभे चिरायचे, रात्रभर मिठात ठेवायचे, धुऊन निथळायचे. मग पानापानांत मसाला भरायचा: लाल तिखट, भरपूर लसूण, आलं, मुळ्याचा कीस, पातीचा कांदा, तांदळाच्या पिठाची पेज, आणि खारवून मुरवलेला बारीक जवळा किंवा अँकोव्ही माशांचं खारं पाणी. यात तेल नसतं. आपल्या कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर असतो, तो हवा आणि जंतू बाहेर ठेवतो. किमचीत जंतूंनाच काम दिलेलं असतं. मीठ नको त्या जंतूंना आवरतं आणि लॅक्टिक आम्ल करणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. सुरुवातीला ल्यूकोनॉस्टॉक जातीचे जीवाणू जोर धरतात. ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही तयार करतात, म्हणून चांगली मुरत आलेली किमची जिभेवर हलकेच चुरचुरते. आंबटपणा वाढला की लॅक्टोबॅसिलस घराण्यातले पुढे येतात आणि किमची जून होत जाते. हा वायू बरणीतून बाहेर पडताना लसूण-कोबीतली गंधकाची संयुगं सोबत घेऊन येतो. उबदार खोलीत गच्च बंद केलेल्या बरणीचं झाकण उडतं ते याचमुळे.

गावाकडे याला उपाय होता. किमचीचे मातीचे रांजण अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले असत. वास घराबाहेर आणि थंडावा जमिनीचा. शहरांत इमारती उभ्या राहिल्या तसं अंगण गेलं, आणि 1990च्या दशकापासून किमचीचा वेगळा फ्रीज घरोघरी आला. त्यात तापमान शून्य अंशाच्या आसपास राखलं जातं. परदेशातल्या भाड्याच्या खोलीत मात्र अंगणही नसतं आणि वेगळा फ्रीजही नसतो. चौघांत मिळून एक फ्रीज असतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लोण्याला लसणाचा वास येतो. त्या लोणीवाल्याची तक्रार खोटी नसते. आपलंच अन्न रोज हुंगणाऱ्याला त्याचा वास जाणवेनासा होतो, हा नाकाचा धर्म आहे.

पण तक्रार लोण्यापाशी थांबत नाही, ही खरी गोष्ट आहे. जपानचं उदाहरण घ्या. 1910 ते 1945 कोरियावर जपानचं राज्य होतं. त्या काळात लाखो कोरियन पोटासाठी जपानला गेले, पुढे जबरदस्तीनेही नेले गेले. ओसाकातल्या त्सुरुहाशी भागात त्यांची मोठी वस्ती झाली. लसणाचा वास मारणारे लोक ही त्यांना दिलेली शिवी होती. घर भाड्याने मागायला गेलं की ती आडून ऐकू यायची, शाळेत तोंडावर ऐकू यायची. डब्यात किमची घालू नकोस, असं आईला सांगणाऱ्या मुलांची एक पिढी तिथे वाढली.

आज त्याच त्सुरुहाशीच्या बाजारात जपानी गिऱ्हाइकं किमची घ्यायला येतात, आणि जपानमधल्या सर्वाधिक खपाच्या लोणच्यांत किमची आहे. मधल्या काळात 1988चं सोल ऑलिंपिक झालं, 2002चा विश्वचषक फुटबॉल दोन्ही देशांनी मिळून भरवला, आणि 2003 साली ‘विंटर सोनाटा’ ही कोरियन मालिका जपानी बायकांनी डोक्यावर घेतली. किमचीत लसूण तेवढाच राहिला. उलट भांडण निघालं ते मालकीवरून. जपानी कारखाने न आंबवलेली, सौम्य, गोडसर ‘किमुची’ विकू लागले, तेव्हा कोरियाने हरकत घेतली की आंबवल्याशिवाय किमची होत नाही. अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने 2001 साली किमचीचं मानक ठरवलं आणि त्यात आंबवण्याची क्रिया आली. ज्या पदार्थापायी नाक मुरडलं जात होतं, त्याच्या नावावर हक्क सांगायला काही दशकांत शेजारी पुढे झाले.

अमेरिकेतही फार वेगळं घडलं नाही. 1950च्या युद्धात कोरियात उतरलेल्या अमेरिकी सैनिकांना हा वास पहिल्यांदा भेटला आणि ‘खोल किमचीत सापडलो’ म्हणजे भलत्या संकटात सापडलो, असा वाक्प्रचार ते घरी घेऊन गेले. तो इंग्रजीत अजून आहे. त्याच अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे, लिंडन जॉन्सन यांच्याकडे, 1967 साली कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी किमचीची मागणी केली. व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या कोरियन सैनिकांना अमेरिकी रसदीतले डबे मिळत होते, पण किमचीवाचून त्यांचं मनोधैर्य खचेल, असं पार्क यांचं म्हणणं होतं. पुढे डबाबंद किमची आघाडीवर पोचली. आंबणारा, वायू सोडणारा पदार्थ पत्र्याच्या डब्यात कोंडणं सोपं नव्हतं, तरी ते केलं गेलं. 2008 साली यी सो-यॉन ही पहिली कोरियन अंतराळवीर झाली, तेव्हा तिच्यासोबत किरणोत्साराने निर्जंतुक केलेली किमची अंतराळ स्थानकावर गेली. तिथे तर वास आला म्हणून खिडकी उघडायचीही सोय नाही.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर कोगी नावाची गाडी उभी राहिली. मेक्सिकन टाकोमध्ये कोरियन मांस आणि किमची घालून ती विकू लागली आणि रांगा लागल्या. त्याआधी 2006 साली एका अमेरिकी आरोग्य मासिकाने जगातल्या सर्वांत आरोग्यदायी पाच पदार्थांत किमचीला जागा दिली होती. त्या यादीत भारताची डाळही होती. 2021 साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 22 नोव्हेंबर हा किमची दिन म्हणून मान्य केला. ज्यांच्या आयांनी तिथे 1970-80च्या दशकांत बरण्या लपवल्या, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं. एखाद्या पदार्थाबद्दलचं लोकांचं मत पुष्कळदा तो खाणाऱ्याच्या समाजातल्या वजनावर ठरतं, हे माझं मत या साऱ्या हकिकतीवरून झालं आहे.

तरी एक जागा अशी आहे, जिथे खाणाऱ्यांना कसलंच वजन नव्हतं आणि पदार्थ मात्र शेजाऱ्यांनी उचलला. मला किमचीच्या साऱ्या प्रवासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. 1937 साली स्टालिनने सोव्हिएत रशियाच्या पूर्व टोकाला राहणारे सुमारे 1,72,000 कोरियन मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन टाकले. तिथे कोरियन कोबी मिळेना. गाजर मिळत होतं. बायकांनी गाजराचा लांब कीस केला, मीठ लावलं, लसूण, लाल तिखट, व्हिनेगर आणि तिथे सर्रास मिळणारे धणे घातले, वर कडकडीत तेल ओतलं. त्याला मोर्कोवचा म्हणतात. आज ताश्कंदच्या बाजारात ते ढिगाने विकलं जातं, मॉस्कोच्या दुकानांत डब्यांतून मिळतं, आणि रशियन माणूस ते आपलं म्हणून खातो. कोरियात मात्र हा पदार्थ कुणाच्या घरचा नव्हता. शेजाऱ्याच्या मातीतली भाजी आणि शेजाऱ्याच्या डब्यातले धणे घेतल्यावर वासाची भीती तिथे कमी झाली असावी.

आणि असं घेणं किमचीला नवं नाही. मिरची मूळ अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात गोव्यात आणली, त्याच शतकाच्या अखेरीस ती बहुधा जपानमार्गे कोरियात पोचली; 1614 सालच्या एका कोरियन ग्रंथात तिची नोंद आहे. म्हणजे मिरची आपल्याकडे आणि त्यांच्याकडे साधारण एकाच शतकात पोचली. कोबीचीही तीच कथा. आजच्या घट्ट गड्ड्याच्या कोबीचं बियाणं कोरियात सुधारलं ते उ जांग-चुन या शास्त्रज्ञाने. त्याचा जन्म टोकियोतला, आई जपानी, वडील परागंदा कोरियन. तो 1950 साली कोरियात आला आणि 1959 साली वारला. मधल्या नऊ वर्षांत त्याने कोबी-मुळ्याच्या बियाण्यासाठी देशाला जपानवर अवलंबून राहू दिलं नाही.

आपल्याकडून जाणाऱ्या शाकाहारी मुलांना किमचीची अडचण वासाची नसते, माशाची असते. ताटातला कोबी पाहून निर्धास्त खाल्ला आणि मागाहून जवळा कळला, असं होतं. जोत्गाल, म्हणजे खारवलेली मासळी, घातली आहे का, एवढं आधी विचारावं. बौद्ध मठांतली किमची याला अपवाद आहे. तिथे मासळी नाहीच, शिवाय लसूण-कांद्यासह पाच उग्र वनस्पती वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता परदेश म्हणजे आपलंही गाव. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, माणगावजवळच्या पोलाद कारखान्यात कोरियन कंपन्या आहेत, आणि त्यांची माणसं पुण्यात राहतात. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत असं एक कुटुंब आलं. त्या बाईंनी पहिल्याच महिन्यात मजल्यावरच्या तिन्ही घरी जाऊन विचारलं, की मी किमची केली तर चालेल का? विचारताना त्यांचा आवाज खाली गेला होता. मला ते ऐकून वाईट वाटलं. सुकट भाजली म्हणून नोटीस आणि मांसाहारी म्हणून भाड्याला नकार, हे मुंबईतल्या कितीतरी घरांनी सोसलं आहे. तो खाली गेलेला आवाज आपल्या ओळखीचा आहे.

वासाचा बंदोबस्त सोपा आहे. प्लास्टिकचा डबा वास धरतो, म्हणून काचेची बरणी घ्यावी. ती काठोकाठ न भरता चार बोटं मोकळी ठेवावी आणि खाली ताटली ठेवावी. पहिले काही दिवस झाकण रोज एकदा सैल करून वायू जाऊ द्यावा. फार आंबट झालेली किमची टाकू नये. ती तेलात परतून शिळ्या भाताला लावली की उग्रपणा पुष्कळ उतरतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने ताजी किंवा मुळ्याची खावी. परदेशातल्या दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली गोडसर बाटली चाखून मत बनवू नये. किमची आवडत नाही म्हणणारे मला भेटले, त्यांतल्या बहुतेकांनी तीच खाल्ली होती.

तुमच्या मजल्यावर कुणी कोरियन राहायला आलं, तर एकदा गरम वरणभाताबरोबर त्यांच्या बरणीतली एक फोड खाऊन बघा. आवडली नाही तर तसं स्पष्ट सांगा, ते रागावणार नाहीत. फक्त बरणी बंद ठेवा, असं सांगू नका.