जुना ध्वनिसंच: दुरुस्ती की बदली?

घरातील पंचवीस-तीस वर्षांचा ॲम्प्लिफायर गुणगुणू लागला, अथवा माळ्यावरून उतरविलेल्या रेकॉर्ड-प्लेअरची तबकडी फिरेनाशी झाली, म्हणजे तो मोडीत काढावा की दुरुस्त करावा याविषयी घरात मतभेद सुरू होतात. परंतु उभय पक्ष यंत्राचे वय तेवढे विचारात घेतात आणि नेमका कोणता भाग निकामी झाला याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. माझ्या मते निकाल त्या भागावरच लागला पाहिजे.

ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर आणि सांगाडा अनेक दशके टिकतात. प्रथम थकतात ते बहुधा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, कारण त्यांतील द्रव उष्णतेने आटत जातो, आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळ मानाने निम्मे होते. बंद कपाटात कोंडलेला संच लवकर कुरकुरतो तो यामुळेच. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने, असे कंडेन्सर क्षीण झाले की स्पीकरमधून बहुधा १०० हर्ट्झची खर्जातील घूं-घूं ऐकू येते. ते बदलणे ही किरकोळ बाब आहे. स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुग्यासारखा गळत असला, तरी कोन व कॉइल शाबूत असल्यास नवी कड बसविता येते.

याउलट सीडी-प्लेअरचा लेझर निकामी झाला, किंवा उत्पादन बंद पडलेले एखादे मॉड्यूल जळाले, तर नकली मालाच्या मागे पैसा न दवडता संच बदललेला बरा.

रेकॉर्ड-प्लेअरविषयी मात्र माझा आग्रह आहे. बालगंधर्वांच्या पदांच्या लाखेच्या तबकड्या ज्या घरी असतील, त्यांना मिनिटाला ७८ फेऱ्यांची गती आणि इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश जाडीच्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही बारीक असते, आणि बाजारातील कित्येक नव्या यंत्रांत ७८ ची सोयच नसते. केवळ रबरी पट्टा सैल झाला म्हणून असे यंत्र टाकून देणे म्हणजे त्या तबकड्यांनाही मुके करणे होय.

दीर्घकाळ बंद असलेला संच एकाएकी २३० व्होल्टला जोडू नये. जाणता कारागीर आधी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावतो: बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जाण्यास हरकत नाही, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब खेळत असतो; तो घरी उघडण्याचे साहस करू नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जाण्याचे श्रम घ्यावेत, आणि भंगारवाल्याशी सौदा ठरविण्यापूर्वी बिघडलेल्या भागाचे नाव, त्याची उपलब्धता व मजुरी यांचा लेखी अंदाज कारागिराकडून अवश्य मागून घ्यावा, अशी वाचकांस विनंती आहे.