एका न्यायासनावरील तीन दिवाणी निकाल

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यामागें दिवाणी दाव्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. फौजदारी खटल्यांत आरोपी असतो, साक्षीपुरावा असतो, शिक्षा असते; त्यामुळें तो खटला सर्वांच्या तोंडीं होतो. दिवाणी दाव्यांत बहुधा करारपत्रें, हिशेब आणि वकिलांचे युक्तिवाद एवढेंच असतें. परंतु अशा एखाद्या रुक्ष दाव्याचा निकाल केव्हां केव्हां हजारों कोस दूरच्या घरांतील व्यवहारालाहि जाऊन भिडतो. वॉशिंग्टन शहरांतील न्यायाधीश अमित मेहता यांनीं गेल्या कांहीं वर्षांत दिलेले तीन निकाल या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत.

अमेरिकेंत घटकराज्यांचीं न्यायालयें वेगळीं आणि संघराज्याचीं वेगळीं. संघराज्यानें देशाचे ९४ न्यायजिल्हे केले असून प्रत्येक जिल्ह्यांत एक प्राथमिक न्यायालय आहे. दावा तेथें प्रथम दाखल होतो, साक्षी तेथें होतात आणि काय घडलें याचा निर्णयहि तेथेंच लागतो. वरिष्ठ न्यायालय प्रामुख्यानें कायद्याचा अर्थ तपासतें. खालच्या न्यायाधीशानें ठरविलेल्या वस्तुस्थितीस तें सहसा हात लावीत नाहीं. या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सेनेटच्या संमतीनें करतात आणि ती तहहयात असते. मेहता यांचा जन्म १९७१ सालीं पाटण येथें झाला. हें पाटण सातारा जिल्ह्यांतील नव्हे, तर गुजराथेंतील. ते तान्हे असतांनाच आईवडील त्यांना घेऊन अमेरिकेस गेले. वकिली करीत असतां त्यांनीं कांहीं वर्षें गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या सरकारी कचेरींत काम केलें. २०१४ सालीं राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं त्यांना न्यायासनावर नेमलें.

पहिला दावा अन्नाच्या व्यापाराचा. सिस्को आणि यू. एस. फूड्स या दोन मोठ्या कंपन्या उपाहारगृहें, रुग्णालयें, शाळा यांच्या मुदपाकखान्यांना लागणारा माल पुरवीत असत. त्यांनीं एकत्र होण्याचें ठरविलें. तसें झाल्यास चढाओढ संपून भाव वाढतील, म्हणून सरकारी व्यापार आयोगानें मनाई हुकूम मागितला. आपलीं अकरा वितरणकेंद्रें तिसऱ्या कंपनीस विकूं, म्हणजे नवा प्रतिस्पर्धी उभा राहील, असें त्या कंपन्यांचें म्हणणें होतें. मेहता यांना तें पटलें नाहीं. जून २०१५ मध्यें त्यांनीं मनाई हुकूम दिला आणि थोड्याच दिवसांत एकीकरणाचा बेत सोडून देण्यांत आला.

दुसरा दावा राजकीय स्वरूपाचा. ६ जानेवारी २०२१ रोजीं जमावानें अमेरिकेच्या संसदभवनावर चाल केली. कांहीं लोकप्रतिनिधी व पोलीस अधिकारी यांनीं डॉनल्ड ट्रंप यांच्यावर नुकसानभरपाईचे दावे लावले. राष्ट्राध्यक्षावर त्याच्या अधिकारांतील कृत्यांबद्दल दिवाणी दावा चालत नाहीं, हा तेथील जुना दंडक आहे. तेव्हां त्या दिवसाचें भाषण हें अधिकारांतील कृत्य होतें काय, हा प्रश्न निघाला. १८ फेब्रुवारी २०२२ रोजीं मेहता यांनीं ठरविलें कीं, पुन्हां पदावर राहण्यासाठीं केलेली खटपट ही पदाची कर्तव्यें नव्हेत. दावा पुढें चालेल. त्याच निकालांत त्यांनीं ट्रंप यांचे पुत्र आणि वकील जुलियानी यांच्याविरुद्धचे दावे मात्र काढून टाकले. डिसेंबर २०२३ मध्यें अपील न्यायालयानें ट्रंप यांच्याविषयींचा निर्णय त्या टप्प्यापुरता कायम केला. दाव्यांतील आरोप खरे किंवा खोटे हें या निकालानें ठरलें नाहीं. दार उघडें राहिलें, एवढेंच.

तिसरा दावा मात्र आपल्या हातांतील फोनापर्यंत पोंचणारा आहे. ऑक्टोबर २०२० मध्यें अमेरिकेच्या न्यायखात्यानें गूगल कंपनीवर १८९० च्या शर्मन कायद्याखालीं दावा लावला. मागणी पैशाची नसून हुकमाची होती, म्हणून ज्यूरी बसली नाहीं. सर्व भार एका न्यायाधीशावर पडला. सप्टेंबर २०२३ पासून सुमारें दहा आठवडे साक्षी झाल्या. मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांची साक्ष गूगलच्या विरुद्ध झाली, गूगलचे सुंदर पिचाई यांनीं कंपनीची बाजू मांडली. दोघेहि भारतांत जन्मलेले आणि न्यायाधीशहि भारतांतच जन्मलेले, हा योगायोग अनेकांच्या नजरेंत भरला.

वादाचा मुद्दा असा. शोधयंत्र निवडण्यास कोणालाहि मनाई नाहीं. परंतु फोन विकत घेतांना त्यांत जें शोधयंत्र आधींच बसविलेलें असतें, तेंच बहुतेक लोक वापरतात. ही जागा मिळविण्यासाठीं गूगलनें ॲपल, फोन तयार करणारे व इतर यांना २०२१ या एका सालांत २६ अब्ज ३० कोटी डॉलर दिले. आमचा माल उत्तम आहे म्हणून लोक तो घेतात, असा गूगलचा बचाव होता. गूगलचा माल उत्तम आहे, हें न्यायाधीशांनीं मान्य केलें. गुणांनीं मिळविलेली मक्तेदारी तेथील कायद्यांत गुन्हा नाहीं. परंतु मायक्रोसॉफ्टच्या एज या साधनांत त्याच कंपनीचें बिंग आधींपासून बसविलेलें असतें, आणि तेथें सुमारें ८० टक्के शोध बिंगवरच होतात, हें त्यांनीं पुराव्यांतून दाखविलें. माणूस गुण पाहून निवडतोच असें नाहीं. समोर ठेवलेलें ताट तो पुष्कळदां तसेंच जेवतो. शिवाय ज्याच्याकडे प्रश्न अधिक येतात त्याचें यंत्र अधिक शिकतें, आणि नव्या स्पर्धकाला प्रश्नच मिळत नाहींत. ५ ऑगस्ट २०२४ रोजीं पावणेतीनशेंहून अधिक पानांचें निकालपत्र देऊन मेहता यांनीं ठरविलें कीं, गूगल मक्तेदार आहे व ती मक्तेदारी टिकविण्यासाठीं तिनें कायदा मोडला आहे. शोधासंबंधींच्या सर्व जाहिरातींच्या बाजारांत मक्तेदारी असल्याचा सरकारचा एक आरोप मात्र त्यांनीं मान्य केला नाहीं.

खरी कसोटी यापुढें होती. दोष ठरला, पण उपाय कोणता? क्रोम विकावयास लावावें, पैसे देणेंच बंद करावें, अशी सरकारची मागणी होती. दरम्यान, दावा लागल्यानंतर दोन वर्षांनीं, नोव्हेंबर २०२२ मध्यें, चॅटजीपीटी बाजारांत आलें आणि लोक प्रश्नांचीं उत्तरें दुसऱ्या दारींहि मागूं लागले. घडून गेलेल्या गोष्टींचा पुरावा तोलणें हें न्यायाधीशाचें नित्याचें काम. येथें त्याला उद्यांचा बाजार कसा असेल हें सांगावयाचें होतें. हें काम विनम्रतेनेंच केलें पाहिजे, असें मेहता यांनीं लिहिलें. २ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयांत त्यांनीं क्रोम विकण्याची मागणी नाकारली. जें साधन कायदा मोडण्यासाठीं वापरलें नाहीं, तें काढून घेणें त्यांना प्रमाणाबाहेर वाटलें. पैसे देण्यासहि बंदी केली नाहीं, कारण त्या उत्पन्नावर जगणाऱ्या फायरफॉक्ससारख्या लहान संस्थाच प्रथम बुडाल्या असत्या. मात्र दुसऱ्यास शिरकावच मिळूं नये असे करार त्यांनीं बंद केले, आणि शोधांतून जमलेल्या माहितीचा कांहीं भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांस देण्यास गूगलला भाग पाडलें. या बंधनांची मुदत सहा वर्षांची ठेविली.

या निर्णयावर टीका झाली, आणि ती अगदींच पोकळ नव्हती. दोषी ठरलेल्याच्या हातीं लाभाचें साधन राहूं द्यावयाचें, तर खटल्याचा उपयोग काय, असें टीकाकार विचारतात. उलट बाजूनें असें विचारतां येतें कीं, कोणीहि मत देऊन न निवडलेल्या एका माणसानें एका जगड्व्याळ धंद्याची फेररचना स्वतःच्या अंदाजावर करावी काय? आपल्या देशांत असे प्रश्न स्पर्धा आयोगाकडे जातात. ऑक्टोबर २०२२ मध्यें त्या आयोगानें अँड्रॉइडच्या प्रकरणीं गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला आणि २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें तो दंड कायम ठेविला. वाट निराळी, पण अडचण तीच: दोष दाखविणें एक वेळ सोपें, तो दूर करणें अवघड.

तिन्ही निकाल एकत्र ठेवून पाहिले तर एक सूत्र दिसतें. प्रतिवादी श्रीमंत आहे कीं सत्ताधीश, यावर निर्णय अवलंबून राहिला नाहीं. आणि वादी सरकार आहे म्हणून मागेल तें त्याच्या पदरांत पडलें, असेंहि झालें नाहीं. पुराव्यानें जेवढें सिद्ध झालें तेवढेंच दिलें. ही मोजणी कधीं चुकूं शकते, म्हणूनच वर अपील न्यायालय असतें. परंतु घरांतील मुलगा फोनावर एखादा प्रश्न विचारतो, तेव्हां उत्तर देणारा कोण असावा हें पैशाच्या करारानें आधींच ठरलें होतें, ही गोष्ट शपथेवरच्या साक्षींतून जगापुढें आली. दिवाणी न्यायालयाच्या त्या रुक्ष पायरीनें एवढें काम केलें, हें थोडें नव्हे.